गाडीत बोलणारी माणसं

राखाडी रंगाची गाडी घेणाऱ्या माणसाबद्दल बिरादार सरांचं मत फार वाईट होतं.

"रस्ता राखाडी, धुरळा राखाडी, सकाळचं धुकं राखाडी," स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, "आन हे बहाद्दर शोरूममदी जाऊन राखाडीच गाडी पसंत करतेत. कामून? रस्त्यावर लपून बसायचंय का?"

आमच्या हेडमास्तरांनी नेमकी त्याच आठवड्यात राखाडी गाडी बुक केली होती. ते गुपचूप चहाच्या कपात बघत बसले. पुढे त्यांच्या दारात गाडी आली ती पांढरी. त्याबद्दल दोघेही एकमेकांशी कधी काही बोलले नाहीत.

संतपूरच्या मराठी हायस्कुलात सर गणित शिकवायचे आणि मी मराठी. राहायला आम्ही दोघंही बीदरला. आमच्याबरोबर कन्नड शिकवणारे शरणप्पा सर आणि हिंदी शिकवणाऱ्या नसरीन मॅडम. रोज सकाळी बिरादार सरांची छोटी लाल गाडी आम्हाला एकेकाच्या दारातून उचलायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. पुढे सरांच्या शेजारी शरणप्पा सर, मागे सरांच्या पाठीशी नसरीन आणि डाव्या खिडकीशी मी. या जागा कधी बदलल्या नाहीत. सरांच्या नोकरीच्या शेवटच्या काही महिन्यांत तर त्या बदलणं आम्हाला परवडणारही नव्हतं. ते सगळे महिने मी त्या गाडीत जीव मुठीत धरून बसले. इतक्या हौशी, इतक्या जाणत्या माणसाच्या गाडीत बसून भीती वाटावी, याचं मला अजून नवल वाटतं.

गाडीतल्या प्रत्येक वस्तूबद्दल सरांचं एक मत होतं आणि ते विचारावं लागत नसे. सनरूफ दिसलं की ते म्हणत, "आपल्याकडं ऊन कमी पडायलंय का, वरून भोक पाडून घ्यायला?" पुढे टीव्हीएवढा पडदा असलेल्या गाडीत त्यांना एकदा एका पालकानं बसवलं, तर उतरताना म्हणाले, "छान हाय. पण सिनेमा बघायला मी घरीच बसंन की." काचेवर पुढाऱ्याचं नाव लिहिणारे, बंपरला लोखंडी नळ्या बसवणारे, नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक वर्ष वर्ष न काढणारे, या सगळ्यांची त्यांनी वेगवेगळी वर्गवारी केली होती. प्लास्टिक न काढणाऱ्याला मुलगी देऊ नये, असं त्यांचं स्पष्ट म्हणणं. "जो मानूस सीटला वारं लागू देत न्हाई, तो बायकोला काय लागू देनार?"

औराद तालुक्यात कुणाला गाडी घ्यायची झाली की आधी सरांना बोलावणं येई. सर शोरूममध्ये जाऊन विकणाऱ्या पोराला आधी गप्प बसवायचे. मग दार उघडायचे, लावायचे, आणि कान देऊन ऐकायचे. "धप् आलं पायजे. टण् आलं की उठायचं, चहासुद्धा घ्यायचा न्हाई." त्यांच्या या धप्-टणवर संतपूर, ठाणाकुशनूर भागातल्या कितीतरी गाड्या ठरल्या. नव्या गाडीच्या पूजेलाही त्यांनाच बोलावत. चाकाखाली लिंबं ठेवून झाली की गाडी पुढे घ्यायचा मान सरांचा. लिंबू फुटल्याचा आवाज आला की ते खाली उतरून मालकाच्या हातात किल्ली देत आणि दर वेळी एकच वाक्य म्हणत: "आता समोरचा चुकनारच हाय, असं धरून चालव."

रस्त्यावर त्यांचा खरा खेळ नंबरप्लेटचा. आमचा भाग तीन राज्यांच्या कडेला, त्यामुळे रस्त्यावर सगळीकडच्या गाड्या. लांबून ठिपक्याएवढी गाडी दिसली की सर नंबर वाचून मोकळे. लातूरचा म्हणजे चोवीस नंबरवाला आधी हॉर्न वाजवतो, मग ब्रेक कुठं आहे ते आठवतो. हैदराबादवाला डावीकडचा दिवा लावून उजवीकडे वळतो आणि वर आपल्यालाच विचारतो, क्या हुआ भई. कलबुर्गीचा बत्तीसवाला कायम कुणाच्या तरी लग्नाला उशिरा निघालेला. आणि आपला बीदरचा अडतीसवाला? "आपल्याला रस्ता बापाचा वाटतोय. पण मनानं चांगला. धडकल्यावर थांबून पानी पाजतोय."

आम्ही हसायचो. शरणप्पा सर हसता हसता झोपून जायचे. मांजरेचा पूल आला की जागे व्हायचे, नदीला हात जोडायचे आणि परत झोपायचे. तेव्हा त्या गाडीत झोप येण्याइतकं निर्धास्त वाटायचं.

नसरीनला गाडी सरांनीच शिकवली. शनिवारी शाळा लवकर सुटायची, तेव्हा मैदानात. सर शेजारच्या सीटवर मांडीवर हात ठेवून बसत, कधी ओरडत नसत. एकदा तिनं गाडी सरळ गोलपोस्टवर नेली. सर म्हणाले, "मॅडम, ते हलनार न्हाई. आपल्यालाच हलावं लागंल." तिचे सासरे आधी नको म्हणत होते. सर त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले आणि काय बोलले कोण जाणे, पुढच्या शनिवारी सासरे स्वतःच मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बघायला बसले.

असा माणूस. त्याला "सर, आता गाडी चालवू नका" असं म्हणायचं होतं.

ही लाल गाडी येण्याआधी सरांकडे जुनी पांढरी अँबेसेडर होती. सुटे भाग मिळेनात म्हणून नाइलाजानं ती दिली आणि लाल आली. ती आल्यापासून सरांच्या तक्रारी सुरू झाल्या. सगळ्यात मोठी तक्रार खांबांची. समोरच्या काचेच्या दोन्ही अंगाला छत पेलणारे जे खांब असतात, ते नव्या गाड्यांना फार जाड करतात, असं त्यांचं म्हणणं. "हत्ती लपंल ह्याच्यामागं. कंपनीवाल्यांनी छताची काळजी केली, मानसाची न्हाई." मग समोरून येणाऱ्या पांढऱ्या दिव्यांची तक्रार. मग बाजूच्या आरशांची, काचेला मारलेल्या रंगाची, नव्या रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यांची. आम्ही मान डोलवायचो. गाड्यांबद्दल सरांना कळत नाही, तर कुणाला कळणार?

मग दूधवाल्याची गोष्ट घडली. तूर डोक्याएवढी वाढली होती, त्यामुळे शेतातून येणाऱ्या वाटा रस्त्यावरून दिसायच्या नाहीत. पण हा दूधवाला वाटेवरून येऊन रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून होता, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. मला तो चांगला लांबून दिसत होता. तो रस्त्यावर आला, हळूहळू, आम्ही थांबू अशा भरवशानं. सर थांबले नाहीत. वेगही कमी झाला नाही. त्यांचं तोंड सरळ समोर, आणि ते आम्हाला अलॉय चाकं कशी बिनकामाची असतात ते सांगत होते.

"अय्यो! सर! सर!" शरणप्पा सर किंचाळले.

ब्रेक लागला. दूधवाला गाडीसकट आडवा झाला होता, आमचा बंपर त्याच्यापासून हातभर अंतरावर. लागलं कुणालाच नाही, एका कॅनमधलं दूध तेवढं डांबरावर पसरलं. सरांनी उतरून त्याला उठवलं, पाणी पाजलं, समोरचा चुकणारच असं धरून चालवायला सांगितलं. परत येऊन बसले आणि काचेच्या कडेच्या खांबावर चापट मारली.

"बघितलं ना? खांब. मी म्हनत होतो ना, ह्या खांबानं एक दिवस घात करायचा."

मी विश्वास ठेवला. शरणप्पा सरांनीही ठेवला. नसरीननं मात्र ठेवला नाही. मधल्या सुट्टीत तिनं आम्हा दोघांना लायब्ररीत बोलावलं.

"मी बसले ना त्या सीटवर," ती म्हणाली. "रोज शनिवारी बसले. खांब तेवढाच हाय, जेवढा असतो. मला तिथून गोलपोस्टच्या पल्याडची बकरी बी दिसती. कसम से."

मग तिनं तिच्या मामूंचं सांगितलं. त्यांना काचबिंदू झाला होता. समोरचं सगळं नीट दिसायचं, पेपर वाचायचे, सुईत दोरा ओवायचे. बाजूचं दिसणं हळूहळू गेलं आणि त्यांना कळलंसुद्धा नाही. दाराच्या चौकटींना खांदे आपटायला लागले तेव्हा ते म्हणायचे, सुतारानं दारंच अरुंद केलीत.

मला सरांच्या तक्रारी एकेक करून आठवल्या. जाड खांब, वाईट आरसे, राखाडी गाड्या. सरांची नवी मतं गाड्यांबद्दलची नव्हतीच.

सांगायचं कोणी, हा प्रश्न होता. शरणप्पा सर वयानं जवळचे, म्हणून ते तयार झाले. दुसऱ्या दिवशी ते सरांबरोबर मैदानात बराच वेळ फेऱ्या मारताना दिसले. परत आले ते मोटारसायकलच्या टायरमध्ये हवा किती असावी हे शिकून.

"एन् माडोदु, मॅडम, काय करायचं?" ते म्हणाले. "मी म्हनलो, सर, वय झालं की डोळे जरा... तर ते म्हनले, व्हय, तुमचा चश्मा बदला. आन मग टायरवर गेले."

योगायोगानं पुढच्याच आठवड्यात शाळेत मुलांची डोळे तपासणी होती. आम्ही ठरवून सरांना तिथं नेलं. सगळ्या शिक्षकांनीही तपासून घ्यावं, असा आग्रह मीच केला. सर आखलेल्या रेषेच्याही बरेच मागे जाऊन उभे राहिले. वरपासून खालपर्यंत सगळी अक्षरं त्यांनी खणखणीत वाचली. शेवटची ओळ संपल्यावर म्हणाले, "खाली छापखान्याचं नाव हाय, ते बी वाचू का?" पोरांनी टाळ्या वाजवल्या. तपासणारा म्हणाला, सर, तुमची नजर तर तरण्या पोराची आहे. तक्ता समोर होता, आणि सरांचं समोरचं शाबूत होतं. त्या दिवशी परतताना त्यांनी लातूरच्या एका ट्रकचा नंबर इतक्या लांबून वाचला की मला रडू यायचं बाकी राहिलं. आता त्यांना कोण काय सांगणार होतं?

आम्ही त्यांच्या गाडीत बसणं सोडू शकलो असतो. बस होती. पण आम्ही उतरलो असतो तरी सर थांबले नसते. ते एकटे गेले असते, रोज, त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं, डावीउजवीकडचं काही न बघता. त्या विचारानं आम्ही आपापल्या जागी बसून राहिलो. जानेवारीअखेर सर निवृत्त होणार होते. तेवढं पार पडलं की रोजचं जाणंयेणं थांबेल आणि गाडी आपोआप अंगणात उभी राहील, असा आमचा हिशेब.

तोपर्यंत आम्ही बोलायला लागलो. कुणी ठरवलं नाही, आपोआप झालं. थोरल्या माणसाला "ब्रेक मारा" म्हणायची आमच्यात पद्धत नाही. म्हणून डावीकडून म्हशी रस्त्यावर यायला लागल्या की शरणप्पा सर म्हणायचे, "म्हशी कशा गुबगुबीत हायेत बगा, सर." सर म्हशींकडे मान वळवायचे आणि पाय ब्रेकवर जायचा. उजवीकडून टमटम घुसला की मागून नसरीन: "या अल्ला, किती मान्सं बसवलेत त्या टमटममदी!" माझ्याकडे डावीकडच्या पायवाटा आणि शाळेची पोरं. "किती गोड वेण्या घातल्यात हो त्या मुलींच्या," मी म्हणायची, आणि वेग कमी होतोय का ते बघायची. शेतकरी तुरीचे पेंढे रस्त्यावर पसरून ठेवतात, गाड्यांच्या चाकांनी मळणी होते म्हणून, आणि त्या पेंढ्यांत बायका वाकून दाणे गोळा करत असतात. त्या दिवसांत आम्ही तिघं तुरीच्या पिकावर इतकं बोललो की कृषी खात्यात नोकरी मिळाली असती.

शरणप्पा सरांची झोप कायमची गेली. पुलावर नदीला नमस्कार करायचं त्यांनी सोडलं, कारण हात जोडताना नजर खाली जायची. मी घरी पोहोचले की अर्धा तास नुसती बसून राहायची. नवरा विचारायचा, काय झालं? मी म्हणायची, काही नाही, आज फार गप्पा झाल्या.

आणि सर खूश होते. ही गोष्ट मला सगळ्यात जड जायची. "आदी तुमी लोक झोपायचाव," एकदा ते म्हणाले. "आता बगा, रस्ता दिसायला लागलाय तुमाला. गाडीत बोलनारी मानसं पायजेत. न्हाई तर गाडी म्हंजे नुसता डबा." आपल्या संगतीनं आम्हाला रस्त्याची गोडी लागली, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आरशात त्यांचे आनंदी डोळे दिसत होते, नाकासमोर बघणारे.

निरोपाचा दिवस आला. शाल, हार, फळांची टोपली, मुलांची भाषणं. सरांच्या पत्नी शोभावहिनी दुपारच्या बसनं पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या. आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो होतो, आणि खरं सांगते, मला सुटकेचा आनंद होत होता. आज संध्याकाळचा एक प्रवास, की संपलं.

सर भाषणाला उभे राहिले. गणितावर थोडं, विद्यार्थ्यांवर थोडं बोलले. मग म्हणाले, "सगळे विचारायलेत, आता काय करनार? तर ऐका. इतकी वर्षं बीदर ते संतपूर, संतपूर ते बीदर. आता मी आन आमच्या मंडळी, दोघंच, गाडी घेऊन निघनार. थेट कन्याकुमारी. ड्रायव्हर न्हाई, नातेवाईक न्हाई. रस्ता आन आमी."

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवर तसेच राहिले. नसरीननं माझं मनगट पकडलं होतं. मी शोभावहिनींकडे बघितलं. त्या व्यासपीठावर फळांची टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि टाळ्या चालू असताना एक संत्रं हातात घट्ट दाबून धरलं होतं. नवऱ्यानं भर सभेत असा बेत जाहीर केला म्हणून लाजल्या असतील, असं मला वाटलं.

परत निघताना शरणप्पा सरांनी पुढचं दार वहिनींसाठी उघडलं आणि स्वतः मागे आमच्यात बसायला वळले. "वहिनी, मागं ऐसपैस बसा की," मी म्हणाले, कारण पुढची जागा आम्हाला हवी होती. त्या चटकन म्हणाल्या, "नको बाई, मला पुढंच लागतंय. मागं मळमळतंय."

ऊन कलतं झालं होतं. सर रंगात होते, गळ्यात हार तसाच. कन्याकुमारीला जाताना टायर नवे टाकावेत की तेच चालतील, यावर बोलत होते. रस्ता उताराला लागला. डावीकडे बांधाच्या आडून मेंढरांचा कळप रस्त्यावर येत होता. पुढे काठी खांद्यावर टाकलेली मेंढपाळ बाई, पाठीला झोळी, झोळीत लेकरू. ती आमच्याकडे बघतही नव्हती. सरांचं तोंड समोर. वेग तोच.

"मेंढरं कशी पांढरीशुभ्र हायेत बगा, सर!" शरणप्पा सर म्हणाले.

"किती बकरे, या अल्ला!" नसरीन म्हणाली.

"झोळीतलं बाळ किती गोंडस आहे!" मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी, आमच्या आवाजात आवाज मिसळून, पुढून शोभावहिनी म्हणाल्या, "अवो, मेंढरं किती मोटी झालीत बगा की!"

सरांनी ब्रेक मारला. गाडी थांबली. मेंढरं गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहायला लागली. शोभावहिनी हळूच मागे वळल्या. त्यांनी शरणप्पा सरांकडे बघितलं, नसरीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुमी बी?" त्या म्हणाल्या.

बस्स, एवढंच. आवाज अगदी बारीक होता. पण सरांनी ऐकलं.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग विचारलं, "कवापासून?"

"पाडव्यापासून," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं, शाळेत कळलं तर ही मानसं तुमच्या गाडीत बसनार न्हाईत. मग तुमी एकटेच जाताव." आम्ही ज्या भीतीनं गप्प होतो, त्याच भीतीनं त्याही गप्प होत्या. आम्हाला वाटलं होतं, त्यांना सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला लावायचा.

सरांनी समोरच्या मेंढपाळ बाईवर नजर रोखली, डावा हात कानाजवळ नेला, एक बोट उभं केलं आणि ते बोट सावकाश पुढे आणायला लागले. गणिताचे शिक्षक होते, स्वतः पडताळा घेतल्याशिवाय मानणारे नव्हते. बोट गालापर्यंत आलं, गालाच्या पुढे आलं, डोळ्याच्याही पुढे गेलं. मला वाटत होतं, आता तरी म्हणा, दिसलं म्हणा. बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते दचकले. मग उजव्या हातानं तेच केलं. उजवीकडे थोडं बरं होतं.

मेंढरं संपली. सरांनी दार उघडलं, खाली उतरले, गळ्यातला हार काढून सीटवर ठेवला आणि किल्ली नसरीनच्या हातात दिली. तिच्याकडे बघितलं नाही. मग ते रस्त्यावर तसेच उभे राहिले, कारण स्वतःच्या गाडीत दुसरीकडे कुठं बसायचं, हे त्यांना कळेना. वहिनींनी उतरून त्यांना मागे डाव्या खिडकीशी बसवलं. मी मधे सरकले, पलीकडून वहिनी बसल्या आणि शरणप्पा सर पुढे गेले. नसरीननं गाडी सुरू केली. ती मोठ्यानं रडत होती आणि गाडी मात्र अगदी नीट चालवत होती.

मला वाटलं होतं, आता माझी भीती जाईल. ती गेली नाही, कारण माझ्या शेजारी सर होते. शेजारून प्रत्येक गाडी निघून गेली की त्यांचं अंग ताठ व्हायचं. ती कुठून आली, हे त्यांना दिसत नव्हतं, आणि आता ते दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. दाराच्या वरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. पुलावर आलो तेव्हा त्यांनी मला विचारलं.

"मॅडम, एक सांगा. मी कुनाला लागलो तर न्हाई ना कधी? मला न दिसता? कुनाला घासून, पाडून, मी तसाच पुढं निघून आलो, आन तुमी बोलत बसलाव, असं कवा झालं का?"

"नाही हो, सर," मी म्हणाले. "कधीच नाही."

"खरंच न्हाई, सर," शरणप्पा सर पुढून म्हणाले. "देवाशप्पथ."

सरांनी आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. भीती होती. "तुमी लई गोड बोलताव," ते म्हणाले. "मंग आता मी तुमच्या न्हाईवर कसा भरवसा ठेवू?"

आम्ही खरं सांगत होतो, आणि ते खरं वाटावं अशी कुठलीच गोष्ट आम्ही इतक्या दिवसांत केली नव्हती. शिवाय सर रविवारी एकटेही कुठं कुठं जात असत. तेव्हाचं आम्हाला तरी काय ठाऊक होतं?

त्यांच्या घरापाशी पोहोचलो तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. नसरीननं गाडी भिंतीशी नीट लावली आणि किल्ली वहिनींना दिली. आम्ही निघालो. पुढे सरांच्या डोळ्यांवर इलाज झाले. उरलं तेवढं राहील, गेलेलं येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं, हे कळलं. मी दोन-तीनदा भेटायलाही गेले. पण बिरादार सर म्हटलं की मला ते भेटीतले सर आठवत नाहीत.

आठवतात ते फाटकातून वळून बघितलं तेव्हाचे. शोभावहिनी फळांची टोपली घेऊन दारात उभ्या होत्या, "चला की आत" म्हणत होत्या. सर गाडीच्या डाव्या बाजूला वाकले होते. पुढच्या चाकावरच्या पत्र्यापासून त्यांनी तळहात टेकवला होता आणि तो अगदी सावकाश मागे नेत होते. मधेच थांबायचे, बोटांनी चाचपायचे, डोळा पत्र्याजवळ नेऊन बघायचे. दारं झाली, मागचं चाक झालं, मागच्या दिव्यापाशी हात पोहोचला. काही सापडलं नसावं. ते सरळ उभे राहिले, क्षणभर थांबले, आणि परत पुढच्या चाकापाशी जाऊन वाकले.